मुलांच्या वेदना : औषधानें आणि औषधावांचून

मोठ्या माणसाचें डोकें दुखूं लागलें म्हणजे घरांतील सर्वांस तें ताबडतोब कळतें. तो स्वतः तसें सांगतो, दिवा मालवावयास लावतो, मुलांना गप्प बसवितो, आणि त्याचें म्हणणें कोणी खोटें मानीत नाहीं. तेंच पांच वर्षांच्या मुलानें "माझें पोट दुखतें" असें म्हटलें, कीं घरांत लगेच चौकशी-समिति बसते. शाळेची वेळ झाली म्हणून दुखतें काय? काल चिवडा किती खाल्ला? दूध नको म्हणून हें ढोंग तर नाहीं ना? या सर्व प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत मूल बिचारें पोट धरून उभें असतें. वेदना ही अशी गोष्ट आहे, कीं तिच्याविषयीं साक्ष देणारा सर्वस्वी एकटा असतो. आणि तो साक्षीदार वयानें लहान असला तर त्याची साक्ष आपण बहुधा फेटाळतों. या महिन्यांत आम्ही याच विषयाचा थोडा विचार करणार आहों.

ही फेटाळण्याची खोड केवळ घरच्या माणसांसच आहे असें नाहीं. प्रत्यक्ष वैद्यकशास्त्रानेंही ती फार काळ बाळगिली. नवजात अर्भकाची मज्जासंस्था अपुरी असते, त्याला वेदना कळत नाहींत, आणि कळल्या तरी त्या त्याच्या लक्षांत राहत नाहींत, अशी समजूत १९८० नंतरही कांहीं वर्षें पुढारलेल्या देशांतील इस्पितळांत होती. शस्त्रक्रियेच्या वेळीं अर्भकानें हालचाल करूं नये म्हणून त्याचे स्नायू शिथिल करणारें औषध दिलें जाई. परंतु वेदना शमविणारें औषध पुष्कळदां अगदीं थोडें किंवा मुळींच दिलें जात नसे. भीति ही, कीं एवढ्याशा जिवाला तें सोसणार नाहीं. या समजुतीस जोराचा धक्का देणाऱ्यांत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून पुढें ऑक्सफर्ड येथें गेलेले डॉ. कंवलजीत आनंद हे प्रमुख होत. १९८७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखवून दिलें, कीं अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया करतांना ज्यांना फेंटानिल हें वेदनाशामक दिलें, त्यांच्या शरीरावरचा ताण पुष्कळ कमी राहिला आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अडचणीही त्यांना कमी आल्या. औषध सोसणार नाहीं ही भीति खोटी ठरली. सोसत नव्हती ती वेदना.

मूल विसरतें, या समजुतीलाही पुढील दहा वर्षांत तडा गेला. १९९७ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें ॲना टॅडिओ व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें, कीं जन्मानंतर थोड्याच दिवसांत ज्या मुलग्यांची सुंता झाली होती, ते चारसहा महिन्यांचे झाल्यावर लस टोचतांना इतर मुलग्यांहून अधिक कळवळत. म्हणजे मन ज्याची आठवण ठेवीत नाहीं, त्याची नोंद शरीर ठेवीत असतें. आपल्याकडे पुष्कळ घरीं बाराव्या दिवशीं कान टोचण्याची चाल आहे. ती मोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो दिवस बारावाच असला पाहिजे असेंही नाहीं. धनुर्वाताच्या लशी होऊन गेल्यावर, निर्जंतुक सुईनें, मूल आईच्या मांडीवर अंगावर पीत असतां हें कार्य उरकलें, तर सोन्याच्या तारेची शोभा कांहीं कमी होत नाहीं.

आतां ज्याला बोलतां येत नाहीं, त्याची वेदना ओळखावी कशी? यासाठीं डॉक्टर व परिचारिका पांच गोष्टी पाहतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणें आणि समजूत पटणें. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यावयाचे आणि दहांपैकीं किती झाले तें पाहावयाचें, अशी ही पद्धत १९९७ सालीं अमेरिकेंत मिशिगन येथें तयार झाली. कपाळाला आठ्या घालणें, पाय पोटाशीं ओढणें, अंग ताठ करणें, एकसारखें रडणें, आणि कडेवर घेतलें तरी न निवणें, हीं लक्षणें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना पुस्तकावांचूनही ठाऊक असतात. बोलूं लागलेल्या मुलांसाठीं डोना वाँग व कॉनी बेकर या दोघींनीं १९८३ सालीं सहा चेहऱ्यांची चित्रें पुढें आणलीं. पहिला चेहरा हंसरा, शेवटचा रडका. मुलानें आपला चेहरा कोणता तें बोटानें दाखवावयाचें. पाटीवर असे चेहरे काढणें कोणत्याही मावशीला किंवा काकाला कठीण नाहीं. औषधापूर्वीं एकदां आणि तासाभरानें पुन्हां एकदां मुलाला विचारावें, म्हणजे आराम पडला कीं नाहीं हें आपल्या अंदाजानें ठरविण्याची गरज राहत नाहीं. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. फार दुखणारें मूल नेहमीं मोठ्यानें रडतेंच असें नाहीं. तें कधीं कधीं अगदीं निपचित पडतें, खेळत नाहीं, कोणी हात लावूं लागल्यास तोंड फिरवितें. पाहुणे अशा मुलाला "किती शहाणें बाळ!" म्हणून नांवाजतात. हें शहाणपण चिंतेचें समजावें.

औषधावांचून करावयाच्या उपायांकडे वळूं. मूल पडलें, गुडघा फुटला, कीं आई किंवा आजी त्या जागेजवळ हात फिरविते आणि फुंकर घालते. सुशिक्षित लोक याला निव्वळ समजूत घालणें म्हणत आले. परंतु १९६५ सालीं रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनीं असा सिद्धांत मांडला, कीं पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत वेदनेच्या वाटेवर एक प्रकारचें द्वार आहे. स्पर्श, दाब, थंडावा यांचे संदेश त्याच वाटेनें येऊं लागले म्हणजे तें द्वार अंशतः मिटतें. आणि वरून मेंदूही तें मिटवूं किंवा उघडूं शकतो. भीति तें उघडते, विश्वास तें मिटवितो. या सिद्धांतांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. तरी वेदना ही जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ वाजणारी घंटा नव्हे, वाटेंत तिला कमीअधिक करतां येतें, हें त्यांतलें मुख्य म्हणणें टिकून राहिलें. तेव्हां फुंकर घालणारी आजी शास्त्राच्या मागें नव्हती. शास्त्रच तिच्या मागून चालत आलें.

तान्ह्या मुलासाठीं आईचें अंग आणि आईचें दूध यांची बरोबरी करणारा दुसरा उपाय नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं लस टोचतांना होणाऱ्या वेदनेविषयीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत मूल आईच्या कुशींत असावें, टोचतांना किंवा टोचण्याच्या जरा आधीं तें अंगावर पाजावें, आणि एकाच वेळीं अनेक लशी असल्यास सर्वांत झोंबणारी शेवटीं द्यावी, असें सांगितलें आहे. टोचावयाची जागा चोळीत बसूं नये, आणि आधींच प्रतिबंध म्हणून वेदनाशामक औषध पाजूं नये, हेंही त्यांत आहे. थोड्या मोठ्या मुलाचें लक्ष दुसरीकडे वेधणें हा फार चांगला उपाय आहे. परंतु लक्ष वेधणें म्हणजे त्याच्यापुढें खुळखुळा हलविणें नव्हे. त्याला स्वतःला कांहीं करावयास द्यावें. साबणाचे फुगे उडवावयास द्यावे, कागदाचें भिरभिरें फुंकून फिरवावयास सांगावें. फुंकण्यासाठीं श्वास लांबतो आणि लांब श्वासानें अंगाचा ताण उतरतो. मुरगळलेल्या पायावर फडक्यांत गुंडाळलेला बर्फ, पोटाच्या किंवा पायाच्या दुखण्यावर कोमट शेक, भाजल्यास वीस मिनिटें वाहतें साधें पाणी, हे उपाय कोणत्याही घरीं होण्यासारखे आहेत. भाजल्यावर हळद, शाई किंवा दांतांचें मलम लावण्याची घाई मात्र करूं नये. तसेंच दुखत्या कानांत गरम तेल ओतूं नये. कानाचा पडदा फुटलेला असल्यास त्यानें अपाय होतो.

येथें भाषेविषयीं दोन शब्द लिहिणें आवश्यक आहे. "रडूं नकोस, कांहीं होत नाहीं," असें आपण शंभरदां म्हणतों. मुलाला मात्र कांहींतरी होत असतें. तेव्हां त्याला एकच अर्थ लागतो: माझें दुखणें यांना कळलेलें नाहीं, म्हणून आणखी मोठ्यानें रडलें पाहिजे. अशा पोकळ आश्वासनांनीं मुलाची भीति वाढते, असें अभ्यासकांच्या निरीक्षणांतही दिसून आलें आहे. त्यापेक्षां "दुखतें आहे, मला ठाऊक आहे, आपण दोघें मिळून दहापर्यंत मोजूं," हें अधिक खरें आणि अधिक उपयोगी. "सुई टोचणार नाहींत हं," असें सांगून मुलाला दवाखान्यांत नेणें हा त्याहून मोठा दोष. सुई टोचली जाते, आणि त्या दिवशीं मुलाचा डॉक्टरांवरचा विश्वास तर जातोच, परंतु आईच्या शब्दावरचाही जातो. जेवत नाहींस तर डॉक्टरांना बोलावून सुई टोचवूं, ही धमकी तर घराघरांत ऐकूं येते. ज्या माणसाच्या हातीं मुलाला आराम पडावयाचा, त्यालाच आपण बागुलबोवा करून ठेवतों. आणि मुलग्याला "तूं काय मुलगी आहेस रडायला?" असें विचारणाऱ्यांनीं एवढेंच पाहावें, कीं या एका वाक्यांत मुलगा व मुलगी या दोघांचाही अपमान झाला.

आतां औषधें. जीं मुलांना सुरक्षितपणें देतां येतात, त्यांत पॅरासिटामॉल हें पहिलें. त्याची मात्रा ठरते ती वजनावरून: एका वेळीं दर किलोग्रॅममागें १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत चार ते सहा तासांचें अंतर असावें, आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा होऊं नयेत. तीन महिन्यांखालील अर्भकाला डॉक्टरांस विचारल्याखेरीज तें देऊं नये. येथपर्यंत सर्व सोपें वाटतें. परंतु बाजारांत याच नांवाचें पातळ औषध निरनिराळ्या तीव्रतेचें मिळतें. एका बाटलींत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतें, दुसरींत ५ मिलिलिटरला २५०. आणि तान्ह्यांसाठीं थेंबांची जी लहान बाटली येते, तिच्यांत एकाच मिलिलिटरला १००. बारा किलो वजनाच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यावयाचें झाल्यास पहिल्या बाटलींतून साडेसात मिलिलिटर लागतें, दुसरींतून सुमारें साडेतीन, आणि थेंबांच्या बाटलींतून दोनाहूनही कमी. "तान्ह्यांचें औषध, तें सौम्यच असणार," असें समजून त्या बाटलींतून कोणी साडेसात मिलिलिटर दिलें, तर मुलाच्या पोटांत चौपटीहून अधिक औषध जातें. अधिक झालेलें पॅरासिटामॉल यकृत बिघडवितें, आणि पहिल्या दिवशीं मूल वरवर ठीकही दिसतें. म्हणून मात्रा चुकल्याचें कळतांच लक्षणांची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें.

एकत्र कुटुंबांत हा धोका अधिक असतो, आणि तो मायेपोटींच उत्पन्न होतो. सकाळीं आजी औषध पाजते, दुपारीं तें ठाऊक नसल्यामुळें काकू पाजते, संध्याकाळीं कामावरून आलेली आई पुन्हां पाजते; शिवाय सर्दीचें म्हणून जें वेगळें औषध चाललेलें असतें, त्यांतही पुष्कळदां पॅरासिटामॉल असतेंच. चार मायेचे हात आणि एक लहानसें यकृत! यावर उपाय सोपा आहे. औषधाच्या कपाटाच्या दारावर एक कागद डकवावा आणि त्यावर मुलाचें वजन, औषधाचें नांव, दिल्याची वेळ, मात्रा व देणाऱ्याचें नांव लिहावें. लिहिल्यावांचून देऊं नये आणि वाचल्यावांचून देऊं नये. मोजण्यासाठीं बाटलीबरोबर आलेलें मापच वापरावें. स्वैंपाकघरांतील चमचे एका मापाचे नसतात.

आयबुप्रोफेन हें दुसरें औषध. सूज व मुरगळ यांवर तें चांगलें. परंतु सहा महिन्यांखालील मुलाला तें डॉक्टरांच्या सांगण्यावांचून देऊं नये. जुलाब-वांत्यांनीं अंगांतलें पाणी कमी झालें असल्यास, कांजिण्या असल्यास किंवा डेंग्यूचा संशय असल्यास तें टाळावें. पावसाळ्यांत व त्यानंतर आपल्याकडे डेंग्यूची शंका नेहमींच असते, तेव्हां तापांतील अंगदुखीला पॅरासिटामॉलच बरें. ॲस्पिरिन मोठ्यांच्या कपाटांत असतें, तें तेथेंच राहूं द्यावें. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. डग्लस राय यांनीं मेंदू व यकृत यांना एकदम ग्रासणारा मुलांचा एक विकार वर्णिला. कांजिण्या किंवा फ्ल्यू झालेल्या मुलांना ॲस्पिरिन देण्याशीं त्याचा संबंध असल्याचें पुढें दिसून आलें, आणि १९८२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें तशी जाहीर सूचना दिली. नायमेसुलाइड हें औषध आपल्या सरकारनें २०११ सालीं बारा वर्षांखालील मुलांसाठीं मना केलें आहे. तरी जुन्या सवयीनें तें कोणी सुचविल्यास नाकारावें.

घरगुती औषधांविषयींही स्पष्ट बोललें पाहिजे. गेल्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवून जात. त्यांना दुसरा इलाज नव्हता, हें आपण विसरूं नये. परंतु त्या गोळीचा धडा सर्वांनीं घेण्यासारखा आहे: मूल शांत झालें आणि मुलाला बरें वाटलें, या दोन गोष्टी एक नव्हेत. गुंगी आणणाऱ्या कोणत्याही पदार्थानें मूल गप्प होतें. दुखणें आंत चालूच राहतें. बाळगुटी सहाणेवर उगाळतांना तिच्यांत मध घालण्याची चाल आहे. वर्ष पुरें होईपर्यंत मध देऊं नये. त्यांत क्वचित् असे जंतु असतात, कीं तान्ह्याच्या आंतड्यांत त्यांपासून विष तयार होऊन स्नायू लुळे पडतात. दांत येतांना हिरड्यांवर बधिर करणारें मलम चोळण्यापेक्षां स्वच्छ बोटानें हिरडी हलके दाबावी, किंवा गार केलेलें ओलें फडकें चावावयास द्यावें.

वरचेवर उठणाऱ्या पोटदुखीचा प्रश्न निराळा. १९५८ सालीं इंग्लंडांत ब्रिस्टल येथील डॉ. जॉन ॲपली व त्यांच्या सहकाऱ्यानें एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हां दर दहांतील एकाला अशी पोटदुखी असल्याचें आढळलें. त्यांपैकीं फारच थोड्यांना शरीरांत कांहीं दोष निघाला. म्हणून बाकीचीं मुलें ढोंगी होतीं काय? मुळींच नाहीं. परीक्षेची भीति, वर्गांतला जाच, घरांतलें भांडण, हीं सर्व मुलाच्या पोटांत खरोखरच कळ उठवितात. मोठ्यांचें डोकें काळजीनें दुखतें तसेंच हें. येथें औषधापेक्षां शाळेंत काय चाललें आहे, याची प्रेमानें केलेली विचारपूस कामास येते. ॲपली यांनीं एक खूणही सांगून ठेविली आहे: दुखणें बेंबीपासून जितकें दूर, तितकी शरीरांत दोष असण्याची शक्यता अधिक. तीन ते बारा वर्षांच्या मुलांचे दोन्ही पाय रात्रीं दुखतात आणि सकाळीं तें मूल धांवत सुटतें, तेंही असेंच निरुपद्रवी. तेल लावून पाय चेपावे. परंतु एकच पाय दुखत असेल, सूज असेल, किंवा मूल सकाळीं लंगडत असेल, तर तेलावर विसंबूं नये.

कांहीं वेदना मात्र एक तासही थांबूं शकत नाहींत. बेंबीजवळ सुरू होऊन पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस स्थिरावलेली कळ, हिरवी वांती, शौचांतून रक्त, मान ताठ होऊन ताप, पहाटे झोपेंतून उठवणारी व वांती आणणारी डोकेदुखी, सुजलेला आणि हलवूं न देणारा सांधा, यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच क्षणीं निघावें. आणखी एक गोष्ट सभ्य घरांत बोलली जात नाहीं, म्हणूनच आम्ही ती येथें लिहितों. मुलग्याच्या अंडकोशांत एकाएकीं तीव्र कळ उठली, तर आंत पीळ पडलेला असण्याचा संभव असतो, आणि सुमारें सहा तासांच्या आंत शस्त्रक्रिया झाली तरच तो अवयव बहुधा वांचतो. दहाबारा वर्षांचा मुलगा लाजेनें हें दोन दोन दिवस लपवितो, किंवा नुसतें "पोट दुखतें" असें म्हणतो. तेव्हां वडिलांनीं किंवा काकांनीं आपल्या मुलग्यांना हें आधींच सांगून ठेवावें. डॉक्टर तपासण्यापूर्वीं वेदना शमविली तर रोग कळत नाहीं, ही जुनी समजूत पोटदुखीच्या बाबतींतही खरी ठरलेली नाहीं. निदानाची वाट पाहत मुलाला तळमळत ठेवण्याची जरुरी नसते.

शेवटीं मॉर्फीनविषयीं. मोठें भाजणें, मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग, अशा वेदनांपुढें घरची फुंकर व पॅरासिटामॉल दोन्ही अपुरीं पडतात. तेथें डॉक्टर मॉर्फीन सुचवितात, आणि घरांतील वडील मंडळी घाबरून जातात: "मॉर्फीन म्हणजे आतां अखेरच; शिवाय पोराला व्यसन लागेल." जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं मुलांच्या अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तींत मॉर्फीन आहे. आपल्या देशांत १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर तें इस्पितळांतही दुर्मिळ झालें होतें; तें रोग्यांपर्यंत पोहोंचावें म्हणून २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती करावी लागली. वेदनेसाठीं, योग्य मात्रेंत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दिलेलें मॉर्फीन आणि व्यसन यांत पुष्कळ अंतर आहे. कायद्यानें जी वाट मोकळी केली, ती घरांतल्या वडिलांच्या भीतीनें पुन्हां बंद होऊं नये, एवढीच आमची विनंती आहे.

असो. मुलाला सहनशीलता शिकवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती शिकवावयाची असेल तर थंड पाण्याच्या आंघोळीनें शिकवावी, डोंगर चढवून शिकवावी. दुखत्या दांतानें किंवा फुटलेल्या गुडघ्यानें शिकवूं नये. आपलें दुखणें सांगितलें कीं घरचीं माणसें तें खरें मानतात आणि त्यावर कांहीं इलाज करतात, असा ज्याचा अनुभव असतो, तें मूल उगाच आक्रस्ताळेपणा करीत नाहीं, आणि मोठें झाल्यावर दुसऱ्याचें दुखणेंही खोटें मानीत नाहीं. हा अंक वाचून खालीं ठेवल्यावर आमच्या वाचकांनीं एवढें करावें: औषधाचें कपाट उघडून प्रत्येक बाटलीवरचा आंकडा पाहावा, मुलांचीं वजनें करावीं, आणि दारावर तो कागद आजच लावावा.